गाडी आतून धुवायची तर ऑक्टोबरात

नवरात्र उठलं की मी आभाळाकडे बघायला लागते. परतीचा पाऊस संध्याकाळचा गडगडून जातो. तो एकदा थांबला आणि ओळीने दोन-तीन दिवस कडक पडले, की गाडीची किल्ली माझ्या ताब्यात. त्या दिवशी नवऱ्याने कणकवलीचं काम काढायचं नाही, हे घरात ठरलेलं आहे.

गाडी आतून कशी धुवायची याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण ते करणाऱ्यांची हवा कोरडी असते. ते कार्पेटवर फवारा मारतात, ब्रशने घासतात, व्हॅक्यूम फिरवतात आणि दुपारी गाडी घेऊन फिरायलाही जातात. देवगडात जुलैमध्ये हे केलंत तर गणपती येऊन जातील पण कार्पेट वाळायचं नाही. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. कपाटातल्या कोरड्या चपलांवरसुद्धा बुरशी चढते, मग काचा लावून ठेवलेल्या गाडीतल्या ओल्या सीटची काय कथा. म्हणून इथे सगळा हिशेब वाळवण्यापासून उलटा मांडायचा. किती पाणी घालायचं, कधी घालायचं, कुठे थेंबही पडू द्यायचा नाही, ते त्यावरून ठरतं. पावसात फक्त कोरडी साफसफाई. ओलं काम ऑक्टोबरात.

हे काम बाहेर देऊनही बघितलंय. सर्व्हिसिंगच्या बिलात ‘इंटिरियर क्लीनिंग’ लिहून हजार-दीड हजार लावले आणि गाडी हातात आली ती चिंब. वरून सेंटची बाटली फुकट लटकवलेली. आठवड्याने सेंट संपलं आणि खालचा कुबट वास वर आला. तेव्हापासून गाडी आतून आमच्या खळ्यातच, म्हणजे घरापुढच्या अंगणातच, धुतली जाते.

आमची गाडी साधी हॅचबॅक. सीट कापडी, रंग बेज. हा रंग ज्याने पसंत केला त्याने लाल माती फक्त नकाशात बघितली असणार. एप्रिल-मेमध्ये मागची सीट आडवी होऊन तिथे आंब्याचे क्रेट चढतात. एरवी बंदरावरून मासे, कुणकेश्वरहून वाळू (पोरांच्या खिशांतून), बागेतून माती, आणि घाटातून… ते पुढे सांगते.

धुण्याआधी एक तपासणी करते आणि ती कोणीही टाळू नये. मॅट काढून पुढच्या दोन्ही बाजूंना, जिथे पाय ठेवतो तिथे, कार्पेट तळव्याने जोरात दाबायचं. वरून कोरडं लागतं म्हणून फसायचं नाही. कार्पेटच्या खाली चिंध्या दाबून केल्यासारखा जाड थर असतो, काही गाड्यांत फोम असतो. तो पाणी पितो आणि महिनोन्‌महिने धरून ठेवतो. मी वर्तमानपत्राची चार पदरी घडी ठेवून तिच्यावर उभी राहते. कागद ओलसर निघाला तर पाणी कुठून तरी आत येतंय, आणि ते बंद केल्याशिवाय शाम्पू लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

येतं कुठून? आमच्याकडे बहुतेक वेळा झाडामुळे. समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी प्लास्टिकची जाळी असते. काचेवरचं पाणी त्या जाळीतून पन्हळीत जातं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून खाली उतरतं. गाडी आंब्याखाली किंवा जांभळाखाली उभी असली की पानं, मोहोर, काड्या तिथे साचून कुजतात, भोकं बुजतात, पन्हळ भरते आणि पाणी एसीच्या हवेच्या वाटेने आत. बॉनेट उघडून हाताने गाळ काढायचा, मग तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली गळतंय का बघायचं. आमच्या गाडीत दर वर्षी इथून ओंजळभर काळं खत निघतं. ते मी अबोलीच्या कुंडीत घालते.

दुसरी वाट एसीची. दमट दिवसांत एसी चालू असताना गाडीखाली टपटप पाणी पडायलाच हवं. पडत नसेल तर नळी तुंबली आहे, आणि तेच पाणी डाव्या बाजूला बसणाऱ्याच्या पायाशी उतरतंय. हे मेकॅनिककडे पाच मिनिटांचं काम. ओल चिकट असेल, गोडूस वास येत असेल आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल तर मात्र ते कूलंट आहे, इंजिन थंड ठेवणारं पाणी. तेव्हा धुणं बाजूला ठेवा आणि गाडी गॅरेजला न्या.

तपासणी झाली की रिकामं करणं. डिकी, दारांचे कप्पे, सीटखालचं सगळं बाहेर. यावर फार लिहीत नाही, प्रत्येकाच्या सीटखाली त्याचं त्याचं पाप असतं. आमच्यात तिरफळं निघतात. ती तिथे कशी जातात ते देवाला ठाऊक.

आता माती. कातळावरची लाल माती म्हणजे जांभ्याचा भुगा, आणि तिचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा. तो पाण्यात विरघळत नाही. कोरड्या मातीवर ओलं फडकं फिरवलं की तिचा गिलावा होतो आणि तो धाग्यांच्या मुळात जाऊन बसतो. चिखल ताजा असेल तर हातही लावायचा नाही, पूर्ण वाळू द्यायचा. मग ताठ नायलॉनचा ब्रश एका हातात, व्हॅक्यूमची नळी दुसऱ्या हातात. ब्रशने झटकायचं आणि उडालेलं तिथल्या तिथे ओढून घ्यायचं. आधी एका दिशेने, मग आडवं, मग पुन्हा उलट. दहा वेळा फिरवलं तरी धूळ निघत राहते. माझा निम्मा वेळ याच कोरड्या कामात जातो, आणि निम्म्याहून जास्त घाणही इथेच जाते.

वाळूचं दुखणं वेगळं. तिच्याबरोबर मीठ येतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याच कारणाने. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी ओढतं. म्हणजे कार्पेटमध्ये खारं पाणी मुरलं असेल तर ते वाळवलं तरी पुन्हा ओलसर होणार, आणि त्या खारट ओलीखाली गाडीचा पत्रा गंजत बसणार. किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांची जमीन आतून सडते त्यात या मिठाचा वाटा मोठा. यावर साबण, सोडा, सेंट काही चालत नाही. मीठ पाण्यातच जातं, म्हणून गोड्या पाण्यानेच काढावं लागतं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी यासाठी घेऊ नका. आमची बाव (विहीर) वर सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, अंगाला आहे, तिचं पाणी गोडं, त्यामुळे आमचं भागतं.

पण गोडं पाणी घालायचं म्हणजे बादली उपडी करायची नाही. स्प्रेच्या बाटलीत कोमट पाणी भरायचं, ताटाएवढा तुकडा भिजवायचा आणि लगेच ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने ते उलट ओढून घ्यायचं. असा व्हॅक्यूम पाच-सहा हजारांच्या आसपास मिळतो. आम्ही तो तीन घरांत मिळून वापरतो आणि दिवाळीच्या आधी त्यावरून थोडी ओढाताणही होते. साध्या घरगुती व्हॅक्यूमने पाणी ओढायला जाऊ नका, मोटर जळते आणि शॉक बसायची भीती असते. व्हॅक्यूम नसेल तर जुना टर्किशचा टॉवेल घालून त्यावर गुडघ्यांनी दाबायचं. टॉवेल पिळायचा, परत दाबायचं. वेळ लागतो, पण जमतं. डब्यात ओढलेलं पाणी बघण्यासारखं असतं. पहिल्यांदा घट्ट चहाच्या रंगाचं, पुढे पुढे पातळ. ते जवळजवळ स्वच्छ यायला लागलं की पुढच्या तुकड्यावर जायचं.

सीटला मी पाणी जवळजवळ लावतच नाही, फेस लावते. लिटरभर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड चमचाभर, त्याहून जास्त नको. स्पंजने खळबळवून फेस काढायचा, तेवढाच उचलून मऊ ब्रशने सीटवर गोल गोल फिरवायचा, आणि वाळायच्या आत ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. हे टिपणं साबणाचा अंश जाईपर्यंत, दोनदा-तीनदा, दर वेळी स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने. साबण कापडात राहिला तर तो चिकट होतो आणि महिन्याभरात सीट आधीपेक्षा काळी दिसते. ‘धुतल्यावर लवकर मळते’ अशी तक्रार लोक करतात त्याचं कारण बहुधा हेच. आणि एक सीट पूर्ण करायची, शिवणीपासून शिवणीपर्यंत. डागापुरतं धुतलं की त्याच्याभोवती पाण्याची कड उमटते, ती मूळ डागापेक्षा उठून दिसते.

सीटखालच्या वायरींकडे लक्ष असू द्या. तिथे पिवळ्या रंगाचे जोड दिसले तर ते एअरबॅगचे. ते ओढायचे नाहीत, भिजवायचे नाहीत. सीट बोल्ट काढून बाहेर घेणारे उत्साही लोक आहेत. मी त्यांच्या वाटेला जात नाही. सीट पुढे-मागे सरकवून हात पोहोचतो तेवढं मला पुरतं. छताला तर फक्त कोरडा मऊ ब्रश. छताचं कापड गोंदाने चिकटवलेलं असतं, भिजलं की सुटून डोक्यावर लोंबतं. सीटचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडकवायचे, साबणाच्या फडक्याने पुसायचे आणि खडखडीत वाळल्यावरच आत सोडायचे. पट्ट्याला ब्लीच कधीही नाही, धागा कमजोर होतो.

यावर शेजारच्या काकी गडग्यापलीकडून (दगडी कुंपणापलीकडून) म्हणाल्या, “काय गे, गाडयेक पण अभ्यंगस्नान घालतंस काय? उटणा देव हाडून?”

उटणं नको, पण वासांचं औषध घरातच असतं, आणि त्यात लोक गफलत करतात. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओततात, फसफसतं, आणि फार काहीतरी झालं असं वाटतं. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, मागे उरतं खारट पाणी. मिठाचं तर आपण आत्ताच बोललो. दोन्ही कामाचे आहेत, पण वेगवेगळ्या वासांसाठी.

बांगड्याची पिशवी डिकीत फुटली तर तो वास ज्या द्रव्याचा असतो ते अल्कधर्मी आहे. त्याला आम्ल लागतं. आधी थंड पाण्याने टिपायचं (गरम नको, माशाच्या पाण्यातलं प्रथिन शिजून धाग्याला धरतं), मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी फवारायचं, दहा मिनिटं ठेवून टिपून काढायचं. लिंबूही चालतं. मासे साफ केल्यावर आपण हाताला लिंबू चोळतो, तसंच हे. काकींनी कोकमाचं आगळ सुचवलं होतं. तर्क चुकीचा नाही, आगळ आंबट असतंच. पण बेज सीट आहे, काकी.

घाटाचं उलट. तळेऱ्याहून वैभववाडी आणि तिथून गगनबावड्याला चढताना धाकट्याचं पोट वळणांवर ढवळतं. उलटीचा किंवा सांडलेल्या दुधाचा वास आंबट असतो. तिथे व्हिनेगर मारलं तर वास दुप्पट. घन भाग कार्डाने खरवडून काढायचा, थंड पाण्याने टिपायचं, मग खाण्याचा सोडा जाडसर भुरभुरवायचा आणि रात्रभर ठेवून सकाळी व्हॅक्यूम. दूध फोममध्ये उतरलं असेल तर सोडा वरवरचा ठरतो. तिथे एन्झाइम असलेलं क्लीनर लागतं, पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. ते लावून जागा काही तास ओलसर राहू द्यावी लागते, कारण एन्झाइम ओलीतच काम करतात. फक्त या एका कामासाठी मी ओल सहन करते, तीही कडक उन्हाच्या दिवशीच.

डागांपैकी दोनच सांगते. हळद: माशाच्या कालवणाचा डबा कलंडला आणि सीटवर पिवळा ओघळ. साबण लावला की तो लाल होतो, घाबरू नका, अल्कात हळद लाल दिसतेच. साबण टिपून काढला की परत पिवळी. मग उरलेलं काम उन्हाचं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-चार दिवस दार उघडं ठेवून त्या जागेवर ऊन पडू दिलं की तो आपोआप विरतो. आणि आंब्याचा चीक: तो पाण्याला जुमानत नाही, घासून तर आणखी पसरतो. मेडिकलमधून स्पिरिट आणायचं, पांढऱ्या फडक्याला लावायचं, डागाच्या बाहेरून आत टिपत यायचं, फडक्याची स्वच्छ बाजू सतत फिरवत. सीटच्या खालच्या बाजूला आधी रंग जातो का ते बघून घ्यायचं. दारं उघडी हवीत आणि जवळपास विडी पिणारा कोणी नको. आंबे उतरवायला येणाऱ्यांना हे जरा दटावूनच सांगावं लागतं.

बुरशी. पट्ट्यांच्या मुळाशी, सीटच्या मागच्या खिशात, स्टिअरिंगवर पांढुरकी पूड दिसते ती. तिला कोरडा ब्रश मारला की ती उडून एसीत जाते आणि मग वर्षभर शिंका. तोंडाला मास्क लावून आधी स्पिरिट फवारायचं, ती बसू द्यायची, मग ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं लगेच साबणाच्या गरम पाण्यात. काहीजण ब्लीच सुचवतात. कापडाचा रंग जातो, आणि त्यावर कोणी व्हिनेगर मारलं तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद गाडीत हा प्रयोग नकोच.

ओलं काम मी सकाळी अकराच्या आत संपवते. म्हणजे पुढचं अख्खं ऊन वाळवण्याला मिळतं. चारही दारं आणि डिकी उघडी, आतला दिवा बंद, नाहीतर संध्याकाळी बॅटरी झोपलेली. कार्पेटची कड दाराच्या पट्टीखालून सुटते तिथून उचलून खाली नारळाची सोडणं (वरची टरफलं) टेकू म्हणून ठेवते, की वारा खालच्या थरालाही लागतो. टेबलफॅन पायाशी लावायचा, वरच्या दिशेला. लाईट गेली तर गेली, वारा आहेच. दारं उघडी म्हणजे पहारा आला. एकदा कोंबडी मागच्या सीटवर गोल फिरून बसायच्या बेतात होती, तिला वेळेवर हाकललं.

चारच्या पुढे खारा वारा भिनायला लागतो. त्याआधी दारं लावायची, इंजिन सुरू करून एसी अर्धा तास चालवायचा. एसी हवेतलं पाणी काढतो, गाडीखालची टपटप म्हणजे तेच पाणी. गाडी मोकळ्यावर हवी, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून असलं काही करायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दव गेल्यावर पुन्हा सगळं उघडायचं.

मॅटबद्दल नवऱ्याशी माझा वाद आहे. त्याला त्या फोमच्या, कडेकडेपर्यंत चिकटून बसणाऱ्या ७डी मॅट आवडतात. दिसतात छान. पण त्यांच्याखाली गेलेलं पाणी बाहेर यायची वाटच नाही, वर चकाचक आणि खाली दलदल. जून ते सप्टेंबर त्या माळ्यावर जातात आणि गाडीत साध्या रबरी मॅट येतात, त्यावर वर्तमानपत्र. पेपर ओला झाला की बदलायचा, रबर आठवड्याने काढून पडवीत उभं करायचं. या वर्षी ७डी दिवाळीला परत घालायच्या असं त्याने जाहीर केलंय. मी हो म्हटलंय, एका अटीवर. आधी चार पदरी वर्तमानपत्र कार्पेटवर ठेवून त्याने स्वतः त्यावर उभं राहायचं, आणि पेपर कोरडा निघाला तरच.